निर्बंधांची किंमत : पोखरणचा स्फोट आणि तारापूरचे इंधन

डहाणू तालुक्याच्या दक्षिण टोकाला चिंचणी. खाडी ओलांडली की पालघर तालुक्यातले तारापूर लागते, आणि त्याच्या दक्षिणेला घिवली-अक्करपट्टीच्या किनाऱ्यावर देशातले पहिले अणुवीज केंद्र उभे आहे. त्यातल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ पासून रीतसर वीज देऊ लागल्या. बॉम्बशी त्यांचा काही संबंध नव्हता. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने त्या उभारल्या, इंधन अमेरिकेचे, आणि त्या इंधनाचा हिशेब आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक येऊन तपासत. तरी १८ मे १९७४ रोजी राजस्थानात पोखरणला जो स्फोट झाला, त्याची शिक्षा सर्वांत जास्त काळ भोगली ती तारापूरने.

एखाद्या देशाने अण्वस्त्रे बनवू नयेत म्हणून त्याची कर्जे अडवायची, तंत्रज्ञान नाकारायचे, व्यापार आवळायचा, हा उपाय गेली पन्नास वर्षे सर्रास वापरला जातो. त्याने काम साधते का, यावर अभ्यासकांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. त्यात इराण आणि उत्तर कोरियाला प्रकरणे मिळतात; भारताचे उदाहरण बहुधा दोन ओळींत उरकले जाते: निर्बंध घातले, भारत बधला नाही, निर्बंध उठले. हे खोटे नाही, पण फार अपुरे आहे. निर्बंध घालणाऱ्याचा हात परावलंबी भागापर्यंतच पोचतो. भारतात परावलंबी होती ती वीज. बॉम्बला लागणारा कच्चा माल देशातच तयार होत होता. म्हणून मार विजेला बसला आणि बॉम्बचा कार्यक्रम मंद गतीने का होईना, पुढे सरकत राहिला. भारताचा सगळा अनुभव मला या एका सूत्राभोवती फिरताना दिसतो, आणि इतर देशांचाही बराचसा.

तारापूरचा करार १९६३ चा. अमेरिकेने सुमारे ८ कोटी डॉलरचे कर्ज दिले, व्याज अवघे पाऊण टक्का. करार ३० वर्षांचा होता आणि त्यातली मुख्य अट दोन्ही बाजूंना बांधणारी होती: समृद्ध युरेनियम अमेरिका पुरवेल आणि तारापुरात भारत दुसऱ्या कुणाचे वापरणार नाही. होमी भाभांना लवकर आणि खात्रीने वीज हवी होती, म्हणून त्यांनी नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या भट्ट्यांचा आपला मूळ मार्ग बाजूला ठेवून हा तयार प्रकल्प घेतला. त्या वेळच्या दृष्टीने निर्णय शहाणपणाचा होता. मुंबई आणि गुजरातच्या गिरण्या-कारखान्यांना वीज हवी होती आणि कोळशाच्या खाणी दूर होत्या. पण समृद्ध युरेनियम बनवण्याची सोय भारतात नव्हती. म्हणजे भट्टी आपल्या किनाऱ्यावर, आणि तिची चावी दुसऱ्याच्या खिशात.

बॉम्बची वाट वेगळी होती आणि ती तुर्भ्यातून जात होती. कॅनडाच्या मदतीने उभारलेली ४० मेगावॉटची सायरस ही संशोधन भट्टी जुलै १९६० मध्ये सुरू झाली. तिच्यात नैसर्गिक युरेनियम लागे, आणि तिचे इंधन भारतात बनवता येत होते. तिच्यातून निघालेल्या वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे करण्याचा कारखाना १९६० च्या दशकाच्या मध्यास तुर्भ्यातच सुरू झाला. जड पाणी अमेरिकेने दिले होते. कॅनडाशी झालेल्या करारात 'शांततेसाठी' एवढे वचन होते, निरीक्षक नव्हते. पोखरणचे प्लुटोनियम सायरसमधून आले आणि भारताने त्या स्फोटाला शांततामय स्फोट म्हटले. ओटावाला आणि वॉशिंग्टनला ते पटले नाही.

कॅनडाने काही दिवसांतच अणुसहकार्य थांबवले आणि १९७६ मध्ये ते कायमचे तोडले. राजस्थानातल्या रावतभाट्याची दुसरी भट्टी तेव्हा अर्धवट होती. तिचे आराखडे, सुटे भाग, जड पाणी सगळे अडले, आणि ती १९८१ मध्ये कुठे वीज देऊ लागली. मदत मिळाली ती सोव्हिएत संघाच्या जड पाण्याची. लंडनमध्ये पुरवठादार देश एकत्र बसले आणि त्यातून आज ज्याला आपण एनएसजी म्हणतो तो गट जन्मला. भारताच्या एका स्फोटामुळे जगाच्या अणुव्यापाराचे नियमच बदलले. पुढे इराण, इराकला जे नियम लागले त्यांची पायाभरणी पोखरणने केली, हे आपल्याकडे फारसे लक्षात घेतले जात नाही.

तारापूरवरचा घाला चार वर्षांनी आला. जिमी कार्टर जानेवारी १९७८ मध्ये दिल्लीला आले. मोरारजी देसाई पंतप्रधान होते. बॉम्बविषयी त्यांची नापसंती जगजाहीर होती. तरीही भारताने आपली सगळी अणुकेंद्रे तपासणीखाली आणावीत, हे त्यांनी मान्य केले नाही. चर्चा आटोपल्यावर कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्यांशी हळू आवाजात बोलले आणि भारताला एक कडक पत्र धाडण्याची सूचना केली; ध्वनिक्षेपक चालू राहिल्याने ती पत्रकारांनी ऐकली. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेचा अण्वस्त्रप्रसारविरोधी कायदा झाला. ज्या देशाची सर्वच्या सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत, त्याला इंधन नाही, असा त्याचा गाभा. तारापूर तपासणीखाली होते, पण तुर्भे नव्हते. तुर्भ्यासाठी तारापूरचा पुरवठा अडला.

पुढची दोन वर्षे अमेरिकेतच या इंधनावरून झगडा चालला. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने परवाना देण्यावर १९७८ मध्ये समसमान मते दिली, तेव्हा कार्टर यांनी स्वतःच्या अधिकारात इंधन पाठवले. १९८० मध्ये ३८ टन इंधनाचा प्रश्न आला. आयोगाने नकार दिला, अध्यक्षांनी तो फिरवला, प्रतिनिधिगृहाने मोठ्या बहुमताने विरोध केला, आणि सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ मतांनी इंधन सुटले. कायदा करणाऱ्यांनाच त्याचा परिणाम पेलवत नव्हता. भारताने करार मोडलेला नाही, तारापूरचे इंधन बॉम्बसाठी वापरलेले नाही, मग आपण शब्द फिरवला तर भारतही तपासणीच्या बंधनातून मोकळा होईल, ही त्यांची भीती रास्त होती.

शेवटी १९८२ मध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या आणि रोनाल्ड रेगन यांच्याशी तोडगा ठरला: अमेरिकेऐवजी फ्रान्स इंधन देईल, तपासणी पूर्वीसारखी चालेल. फ्रान्सने १९९३ मध्ये करार संपेपर्यंत ते दिले. नंतर फ्रान्सनेही पूर्ण तपासणीची अट धरली, तेव्हा १९९५ मध्ये इंधन आले चीनकडून, आणि २००१ मध्ये रशियाकडून. त्याबद्दल पुरवठादार गटातल्या बहुतेक देशांनी रशियाला धारेवर धरले. करार संपल्यावर तपासणी चालू ठेवायला भारत बांधील आहे का, यावर वाद होता. भारताने ती आपखुशीने चालू ठेवली. निर्बंधांच्या इतिहासात एवढा सलग संयम फार थोड्या ठिकाणी दिसतो, आणि त्याचे श्रेय त्या वेळच्या मुत्सद्द्यांना द्यायला हवे.

कागदावर इंधन कधीच पूर्ण बंद झाले नाही. पण केंद्र चालवणाऱ्यांच्या दृष्टीने चित्र निराळे होते. उकळत्या पाण्याच्या या भट्टीत वापरलेले इंधनाचे जुडगे ठरावीक काळाने काढून पाण्याच्या तलावात ठेवावे लागतात. मूळ कल्पना अशी की पुढे त्यांचे काहीतरी होईल: अमेरिका परत नेईल किंवा फेरप्रक्रियेला संमती देईल. अमेरिकेने दोन्ही केले नाही. फेरप्रक्रियेचा कारखाना तारापुरातच १९७० च्या दशकात तयार झाला होता, पण तारापूरच्या अमेरिकी इंधनाला तो वापरता येईना. जुडगे साठत गेले. तलावातले रॅक अधिक दाट बसवावे लागले, नंतर वेगळी साठवण उभारावी लागली. पुढचे इंधन कधी आणि कुणाकडून येईल याची खात्री नाही, म्हणून आहे ते पुरवून वापरायचे. १९९० च्या दशकात भारतीय शास्त्रज्ञांनी प्लुटोनियम मिसळलेले मिश्र इंधन स्वतः बनवून काही जुडगे या भट्ट्यांत वापरून पाहिले.

सुट्या भागांचेही तेच. जनरल इलेक्ट्रिकचा आधार तुटला. १९८३ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ दिल्लीत आले तेव्हा तारापूरचे सुटे भाग हा चर्चेचा विषय होता. भट्ट्यांची क्षमता प्रत्येकी २१० मेगावॉटवरून १६० वर आणली गेली, पण तिथे मी निर्बंधांना एकट्याला दोष देणार नाही. दुय्यम वाफयंत्रांच्या नळ्यांतली गळती हे त्यामागचे तांत्रिक कारण होते. दुरुस्ती मात्र ज्याने यंत्र बनवले त्याच्याविना करावी लागली. आणि ती झाली. जुन्या धाटणीच्या या दोन भट्ट्या अर्धशतक चालल्या, आणि त्यांची वीज दीर्घकाळ देशातल्या सर्वांत स्वस्त विजेत गणली जात होती. २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी त्या थांबवल्या गेल्या.

या काळात तुर्भ्यात काय चालले होते? ध्रुव. १०० मेगावॉटची, संपूर्ण भारतीय आराखड्याची संशोधन भट्टी ऑगस्ट १९८५ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला तिच्यात कंपनांचा त्रास झाला, तो दूर केला गेला. तिच्यावर कुणाचा करार नव्हता, कुणाची तपासणी नव्हती. सायरसपेक्षा अडीचपट क्षमतेची प्लुटोनियमची सोय निर्बंधांच्या ऐन भरात उभी राहिली. तिच्या आराखड्यात आणि बांधणीत मोठा वाटा असलेले अनिल काकोडकर पुढे १९९८ च्या चाचण्यांच्या वेळी भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक होते आणि नंतर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले.

महाराष्ट्रात या नाकेबंदीचे इतर ठसेही आहेत. जड पाणी मिळेना तेव्हा देशात कारखान्यांची साखळी उभी राहिली. त्यातला एक रायगड जिल्ह्यात थळला, खत कारखान्याला जोडून, १९८७ मध्ये सुरू झाला. आज भारत जड पाणी निर्यात करतो. वालचंदनगर आणि पवईच्या कार्यशाळांनी भट्ट्यांचे अवजड भाग बनवायला घेतले. १९८० च्या दशकात अमेरिकेने भारताला हवा तो महासंगणक नाकारला, कारण तो अण्वस्त्रांच्या आकडेमोडीला वापरता आला असता. त्यानंतर पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा महासंगणक तयार झाला.

ही यादी अभिमानाने वाचावी अशीच आहे. पण तिच्यावरून 'निर्बंध आपल्या पथ्यावर पडले' असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. इ. स. २००० पर्यंत १० हजार मेगावॉट अणुवीज हे सरकारचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात २००० मध्ये २७०० मेगावॉटच्या आसपासच मजल गेली. पैशांची चणचण होती, नियोजन फसले होते, आणि त्यातच तंत्रज्ञान व इंधन अडलेले होते. जी वीज झाली नाही तिची किंमत वर्तमानपत्राच्या मथळ्यात येत नाही. जिथे दिवा उशिरा पोचला, तिथे ती मोजली गेली. डहाणूशेजारच्या तलासरीच्या पाड्यांवरून तारांचे मनोरे गेले तरी घराघरांत दिवे लागायला किती काळ गेला, हे त्या भागातल्या माणसाला सांगायला नको.

निर्बंधांचा एक परिणाम मात्र विरोधकांनीही मान्य करावा. १९७४ नंतर भारताने २४ वर्षे चाचणी केली नाही. डिसेंबर १९९५ मध्ये नरसिंह रावांच्या काळात पोखरणची तयारी अमेरिकी उपग्रहांच्या नजरेस पडली. राजदूत फ्रँक विस्नर यांनी ती भारतीय अधिकाऱ्यांपुढे मांडली आणि चाचणी टळली. त्या निर्णयात नेमके काय काय होते, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण आर्थिक गणित त्यात नसणे शक्यच नव्हते. १९९१ च्या उन्हाळ्यात देशाने सोने गहाण ठेवले होते. ती आठवण चारच वर्षांपूर्वीची होती. म्हणजे निर्बंधांच्या भीतीने जे साधले, ते प्रत्यक्ष निर्बंधांनी साधले नाही. हा फरक पुढच्या सगळ्या चर्चेत महत्त्वाचा ठरतो.

११ आणि १३ मे १९९८ रोजी पोखरणला पुन्हा चाचण्या झाल्या. या वेळी शिक्षा तत्काळ झाली, कारण अमेरिकी कायद्याने अध्यक्षांना मोकळीकच ठेवली नव्हती. मदत बंद, लष्करी विक्री बंद, सरकारला अमेरिकी बँकांची कर्जे बंद, जागतिक बँकेच्या कर्जांना विरोध. जपानने नवी कर्जे आणि अनुदाने गोठवली. जागतिक बँकेपुढची सुमारे ८६.५ कोटी डॉलरची कर्जे मे महिन्यात लांबणीवर टाकली गेली. जूनमध्ये मूडीजने भारताची पत घटवली. नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरे सुट्या भागांअभावी जमिनीवर बसली. हलक्या लढाऊ विमानाच्या उड्डाण-नियंत्रणावर अमेरिकेत काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यांना परत पाठवले गेले. ते विमान जानेवारी २००१ मध्ये प्रथम उडाले.

सरकारने ऑगस्ट १९९८ मध्ये स्टेट बँकेमार्फत अनिवासी भारतीयांसाठी रिसर्जंट इंडिया बाँड काढले. डॉलरवर पावणेआठ टक्के व्याज, मुदत पाच वर्षे. ४ अब्ज २० कोटी डॉलरच्या आसपास रक्कम गोळा झाली. आखातात आणि युरोपात राहणाऱ्या असंख्य मराठी कुटुंबांनी त्यात पैसे घातले, काहींनी देशासाठी, काहींनी चांगल्या व्याजासाठी, बहुतेकांनी दोन्हींसाठी. २००३ मध्ये व्याजासह परतफेड झाली. ते पैसे महाग पडले, पण निर्बंधांनी जी पोकळी व्हायची होती ती भरून निघाली. खरे तर १९९८ मध्ये भारताची अर्थव्यवस्था अमेरिकी मदतीवर फारशी अवलंबून उरलीच नव्हती.

आणि निर्बंध घालणाऱ्यांच्या घरात काय झाले? पाकिस्ताननेही मेअखेरीस चाचण्या केल्या आणि त्याच्यावरही तेच निर्बंध लागले. पाकिस्तान हा अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या गव्हाचे मोठे गिऱ्हाईक. शेतकऱ्यांनी हाकाटी केली आणि जुलैतच अमेरिकी काँग्रेसने शेतमालाची विक्री निर्बंधांतून वगळली. ऑक्टोबरमध्ये आणखी सूट मिळाली. भारताचे जसवंत सिंह आणि अमेरिकेचे स्ट्रोब टाल्बट यांच्यात पुढची दोन वर्षे बोलणी चालली. चाचणीबंदीच्या करारावर भारताने सही केली नाही ती नाहीच. २२ सप्टेंबर २००१ ला, न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर अकरा दिवसांनी, उरलेले बहुतेक आर्थिक निर्बंध अमेरिकेने उठवले. तिला आता दक्षिण आशियात मित्र हवे होते.

सगळ्यांत दीर्घायुषी ठरली ती काळी यादी. नोव्हेंबर १९९८ मध्ये सुमारे दोनशे भारतीय संस्था-उपसंस्था अमेरिकेच्या निर्यातबंदीच्या यादीत गेल्या. बरीचशी नावे पुढे कमी झाली, पण भाभा अणुसंशोधन केंद्र त्या यादीतून निघाले ते थेट जानेवारी २०२५ मध्ये. सव्वीस वर्षांत त्या केंद्राचे कोणते काम त्यामुळे थांबले, याची यादी करायला घेतली तर ती फार लांब होणार नाही.

आता पुन्हा तारापूरला येऊ, कारण निर्बंधांचा सर्वांत खोल घाव १९९८ च्या निर्बंधांचा नव्हता. तो युरेनियमचा होता. समृद्ध इंधनाच्या परावलंबनातून सुटायचे म्हणून तारापूरला ५४० मेगावॉटच्या दोन देशी भट्ट्या उभ्या राहिल्या: चौथी सप्टेंबर २००५ मध्ये आणि तिसरी ऑगस्ट २००६ मध्ये वीज देऊ लागली. त्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. कोळी, आगरी, आदिवासी, बागायतदार अशी मिश्र वस्ती, नारळी-पोफळीच्या वाड्या, समुद्र दारात. पुनर्वसनाच्या वसाहतीत समुद्रही नव्हता आणि वाडीही नव्हती. प्रकल्पग्रस्तांची नोकऱ्यांची आणि भरपाईची लढाई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालली.

एवढे मोल देऊन उभ्या राहिलेल्या भट्ट्यांना पुरेसे युरेनियम नव्हते. झारखंडच्या जादुगोड्याच्या खाणीतून निघणारे युरेनियम कमी प्रतीचे आणि अपुरे, नव्या खाणी रखडलेल्या, आणि बाहेरून आणायला १९७४ पासून बंदी. २००८-०९ मध्ये देशातली अणुकेंद्रे सरासरी निम्म्या क्षमतेच्या आसपास चालत होती. बॉम्बसाठी लागणारे युरेनियम विजेच्या मानाने फारच थोडे. खाणीतल्या मोजक्या मालावर दोघांचा हक्क असेल तर आधी कुणाचे भागेल, हे वेगळे सांगायला नको. निर्बंधांनी भारताला ज्या कोंडीत पकडले ती ही होती, आणि ती विजेची कोंडी होती.

जुलै २००५ च्या मनमोहन सिंग-बुश निवेदनातून ती सुटायला सुरुवात झाली. मार्च २००६ च्या योजनेत भारताने २२ पैकी १४ भट्ट्या तपासणीखाली देण्याचे आणि सायरस २०१० पर्यंत बंद करण्याचे कबूल केले. ६ सप्टेंबर २००८ रोजी पुरवठादार गटाने भारताला सवलत दिली. फ्रान्स, रशिया आणि कझाकस्तानचे युरेनियम येऊ लागले आणि तपासणीखालच्या भट्ट्या पूर्ण क्षमतेकडे सरकल्या. तारापूरच्या आवारात या तडजोडीची रेघ आजही आहे: पहिल्या दोन भट्ट्या तपासणीखाली, तिसरी आणि चौथी बाहेर. तिसरी-चौथीत फक्त देशी युरेनियमच जाऊ शकते. म्हणजे चौतीस वर्षांच्या नाकेबंदीनंतर जगाने भारताला अण्वस्त्रांसह व्यापारात घेतले. निर्बंधांचा मूळ हेतू भारताला अण्वस्त्रमुक्त ठेवण्याचा होता. त्या कसोटीवर त्यांचा निकाल नापास असाच लागतो.

इतर देशांकडे पाहिले तर उत्तरे एकसारखी नाहीत. दक्षिण कोरिया आणि तैवान १९७० च्या दशकात बॉम्बच्या वाटेवर होते. दोघेही संरक्षणासाठी अमेरिकेवर टेकलेले. अमेरिकेने खासगीत दम भरला, दोघे मागे फिरले. तैवानचा उरलासुरला कार्यक्रम १९८८ मध्ये मोडला गेला. पाकिस्तानची मदत १९७९ मध्ये तोडली, पण त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती पुन्हा सुरू झाली. १९९० मध्ये, युद्ध संपल्यावर, निर्बंध परत आले. तोवर बॉम्ब हाताशी आलेला होता. दक्षिण आफ्रिकेने सहा बॉम्ब बनवले आणि स्वतःहून मोडले, जगात एकमेव उदाहरण. तिथले निर्बंध वर्णभेदाविरुद्ध होते. अंगोलातले युद्ध संपणे आणि सत्तांतराची चाहूल ही कारणे त्याहून वजनदार मानली जातात. लिबियाने २००३ मध्ये कार्यक्रम सोडला, त्यात लांबलेल्या निर्बंधांचा वाटा होता. २०११ मध्ये गद्दाफींचे जे झाले ते प्याँगयाँगने नीट पाहिले.

इराकचे उदाहरण मला सर्वांत अस्वस्थ करते. १९९१ नंतरचे निर्बंध आणि निरीक्षक यांनी सद्दाम हुसेनचा अणुकार्यक्रम खरोखरच संपवला होता. तंत्रदृष्ट्या हे यश होते. पण औषधे, अन्न, पाणी शुद्ध करायची रसायने यांच्या तुटवड्याने सामान्य इराकी माणसाची वाताहत झाली, राजवट शाबूत राहिली, आणि तरीही २००३ मध्ये नसलेल्या शस्त्रांसाठी युद्ध झालेच. उत्तर कोरियाने ऑक्टोबर २००६ मध्ये पहिली चाचणी केली. सुरक्षा परिषदेने लगेच निर्बंध लादले आणि नंतर ते वाढवत नेले. सहावी आणि सर्वांत मोठी चाचणी सप्टेंबर २०१७ मध्ये झाली.

इराणवर निर्बंध कडक झाले तसतसे सेंट्रिफ्यूजही वाढले: २००६ मध्ये काही शेकडे, २०१३ मध्ये १९ हजारांच्या आसपास. पण त्याच निर्बंधांनी तेलाची निर्यात निम्म्याहून खाली आणली. भारतही त्या काळात इराणच्या तेलाचे काही पैसे कोलकात्याच्या युको बँकेत रुपयांत भरत होता. त्या दडपणातून जुलै २०१५ चा करार झाला आणि इराणने समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांवर, साठा ३०० किलोवर आणण्याचे मान्य केले. मे २०१८ मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली, निर्बंध परत आले, आणि एप्रिल २०२१ पासून इराण ६० टक्क्यांपर्यंत समृद्धीकरण करू लागला. जून २०२५ मध्ये इराणवर बॉम्ब पडले, सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांचे जुने निर्बंध पुन्हा लागू झाले. निर्बंध उठतील असा भरवसा असेल तोवरच त्यांना सौद्यात मोल असते, हे इराणने जितके स्पष्ट दाखवले तितके दुसऱ्या कुणी नाही.

अभ्यासकांपैकी हफबाउर आणि त्यांचे सहकारी सर्व प्रकारच्या निर्बंधांचा हिशेब करून सुमारे एक तृतीयांश यश सांगतात. रॉबर्ट पेप यांनी तोच हिशेब पुन्हा तपासून यश त्याहून फारच कमी ठरवले. निकोलस मिलर यांचे म्हणणे मला जास्त पटते. ते म्हणतात, यश दिसत नाही कारण ते घडायच्या आधीच घडलेले असते: अमेरिकेवर अवलंबून असलेले देश धमकीच्या भीतीने सुरुवातच करत नाहीत. जे तरीही पुढे जातात त्यांचे हात आधीच मोकळे असतात, म्हणून प्रत्यक्ष निर्बंध त्यांच्यावर चालत नाहीत. भारताचा १९९५ चा संयम आणि १९९८ चा निर्धार हे दोन्ही या चौकटीत बसतात. एटेल सोलिंगेन देशांतर्गत राजकारणाकडे बोट दाखवतात: ज्या राजवटीचे समर्थक व्यापारावर जगतात ती वाकते, जिचे बंदिस्त अर्थव्यवस्थेवर जगतात ती अधिक ताठ होते. या ग्रंथांत एक मोजमाप मात्र फारसे आढळत नाही: निर्बंधांचा परिणाम वीज, औषध आणि सुरक्षा यांवर किती झाला. ते मोजायला तारापूरसारखी जागा लागते.

सुरक्षेचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. अमेरिकेचा अणुनियामक आयोग आणि भारताचे अणुऊर्जा नियामक मंडळ यांच्यात भट्ट्यांच्या सुरक्षेबाबत तांत्रिक देवघेव चालू होती. १९९८ च्या चाचण्यांनंतर ती थांबली. २००३ मध्ये पुन्हा सुरू झाली. ज्या भट्ट्या अमेरिकी कंपनीने बांधल्या, त्यांच्या सुरक्षेवर बोलणेसुद्धा शिक्षेचा भाग झाले. त्याने एका ग्रॅम प्लुटोनियमचाही फरक पडला नाही. आणि ही भट्टी कुणाच्या शेजारी आहे? केंद्रापासून १६ किलोमीटरच्या आपत्कालीन क्षेत्रात डहाणू तालुक्याची दक्षिणेकडची गावे येतात. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडी परिसरात लोक थंडीत घराबाहेर झोपले, १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवसांत प्रत्येक धक्क्यानंतर पहिला प्रश्न घरच्या भिंतींचा असे आणि दुसरा तारापूरचा. या माणसांनी पोखरणचा निर्णय घेतला नव्हता, १९७८ चा अमेरिकी कायदाही केला नव्हता.

उद्या इराणवर असो, आणखी कुणावर असो, निर्बंध लागतीलच. मोठ्या देशांच्या हातातले ते सोपे हत्यार आहे. ते लावणाऱ्या सरकारांकडे आणि त्यांना पाठिंबा देणाऱ्या आपल्या सरकारकडेही मागणी एकच करायला हवी: चालू अणुभट्टीच्या सुरक्षेची माहिती, तिचे सुरक्षेशी संबंधित सुटे भाग आणि नियामकांची देवघेव कोणत्याही निर्बंधातून वगळलेली असावी, आणि हे नियमातच लिहिलेले असावे. आणि अणुऊर्जा खात्याने तारापूरच्या इंधन-वादाची १९७४ ते १९९३ ची कागदपत्रे अभ्यासकांना खुली करावीत. पन्नास वर्षे उलटून गेली. चिंचणी, घिवली, पोफरणच्या लोकांना आपल्या दारातल्या भट्टीचा पूर्ण इतिहास वाचण्याचा हक्क आहे.